कलिन्याच्या आंटींचा बॉटल मसाला: गेल्या वर्षीचा माझा एक स्टार मी मागे घेतेय

आधी मसाल्याबद्दल सांगते कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचायला आले असतील. मुंबईत कलिना गावठाणात एक ईस्ट इंडियन आंटी घरीच बॉटल मसाला करून विकतात, वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात. या वर्षीच्या दोन बाटल्या मी मेच्या पहिल्या आठवड्यात आणल्या. एका बाटलीत साधारण अर्धा किलो, साडेसातशे रुपये. रंग गडद विटकरी, आणि बूच काढल्या काढल्या वास थेट बाहेरच्या खोलीपर्यंत जातो, आमच्या शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं काय करतेयस म्हणून. तिखट आहे पण नुसतं जिभेला चटका देणारं नाही, मागून भाजलेल्या धण्या-खसखशीची चव येते. कोळंबीचं कालवण केलं, आंटींनी सांगितली तशी खोबरं भाजून चिकनची खुडी केली, आणि एक दिवस काहीच नव्हतं तर साध्या मसूरच्या आमटीत टाकला, तिन्हीत चहाचा एक चमचा पुरला. आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या हिशोबाने दोन मोठे चमचे टाकाल तर जेवता येणार नाही. चार स्टार देतेय. पाचवा का नाही ते पुढे येईल.

आता दुसरी गोष्ट. याच आंटींच्या याच मसाल्याला मी गेल्या जूनमध्ये एक स्टार दिला होता आणि खाली लिहिलं होतं की मसाल्यात गव्हाचं पीठ मिसळलंय, कुसळंसुद्धा निवडायचे कष्ट घेतलेले नाहीत, तीन आठवडे उशिरा दिला, सरळ सरळ फसवणूक आहे, कोणी घेऊ नका. फोटो पण टाकला होता, पांढऱ्या बशीत मसाला आणि त्यात एक बारीक कुसळ, बोटाने दाखवलेलं. तेवढ्यावर थांबले नाही, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आणि चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पण तो फोटो फिरवला. त्यामुळे हा रिव्ह्यू नेहमीपेक्षा मोठा होणार आहे, कारण मला नुसता मसाल्याचा हिशोब द्यायचा नाहीये.

मी मराठी ख्रिस्ती, माहेर अहिल्यानगरकडचं, लग्नानंतर भायखळ्याला. आमच्याकडे बॉटल मसाला नसतो. ईस्ट इंडियन म्हणजे पूर्वेकडून आलेले लोक असं मला लग्न होईपर्यंत वाटायचं, आणि मुंबईतल्या कितीतरी लोकांना अजून वाटतं. खरं तर ते इथलेच, मुंबई, साष्टी, ठाणे, वसईचे मूळचे कॅथलिक, मराठीच बोलणारे, हे नाव त्यांनी १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलं. म्हणजे नाव ऐकून मी माणसांबद्दल काहीतरी ठरवून मोकळी झाले होते, मसाल्याच्या कितीतरी आधी. ते आता लक्षात येतंय.

तर गेल्या वर्षी काय झालं. ऑफिसमधल्या एकीकडून नंबर मिळाला, माझं ऑफिस बीकेसीला त्यामुळे कलिना जवळच, मी एप्रिलमध्ये दोन बाटल्या सांगितल्या, आंटी म्हणाल्या १० मेपर्यंत देते. १० मे गेला, २० गेला, मी दोन फोन केले, त्या म्हणाल्या बाय ऊन नाय, थांब जरा. मी मनात म्हटलं, झालं, आता कारणं सुरू. शेवटी जूनच्या सुरुवातीला बाटल्या मिळाल्या, एकीचं बूच सैल, तेलकट डाग पिशवीला. घरी येऊन मसाला बशीत ओतला तर रंग मला वाटला होता त्यापेक्षा फिका, चोळून बघितला तर बोटांना पिठासारखं काहीतरी लागलं, आणि ते कुसळ. मला ते एवढं पुरलं. दहा मिनिटांत रिव्ह्यू लिहून टाकला, आणि खरं सांगते, लिहून झाल्यावर बरं वाटलं. आपण लोकांना सावध केलं असं वाटलं.

आंटींना फोन करून विचारावं की यात गहू का आहे, हे सुचलंच नाही.

मग या वर्षी लेंट आलं, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, १८ फेब्रुवारीला त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार होता. आमच्या महिला मंडळात लेंटमध्ये दर आठवड्याला एक जण वचनावर बोलते, पाळकीणबाईंनी मला मत्तयच्या शुभवर्तमानातला ७ वा अध्याय दिला, पहिली पाच वचनं. कुसळ आणि मुसळ. मी तयारी केली, चार पानं लिहिली, आणि उदाहरण म्हणून काय घेतलं तर हाच मसाला. मला असं सांगायचं होतं की दोष काढू नका याचा अर्थ फसवणाऱ्याला सोडून द्या असा होत नाही, बघा मी कशी वेळीच ओळखली वगैरे. चौदा जणी होत्या. माझं बोलून झालं आणि आमच्यात लग्न होऊन आलेली एक जण आहे, माहेर वांद्र्याचं, ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ताई, बॉटल मसाल्यात गहू असतोच, भाजून घालतात, चणे पण असतात, माझी आजी पण घालायची.

कोणी काही बोललं नाही. पाळकीणबाईंनी गाणं सुरू केलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. दावीद राजाची गोष्ट सारखी आठवत होती, त्याने आपल्याच सैनिकाची बायको घेतलेली असते आणि नाथान संदेष्टा त्याला येऊन सांगतो की एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली, आणि दावीद चिडून म्हणतो त्या माणसाला मेलंच पाहिजे, आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच. मी ती गोष्ट संडे स्कूलच्या मुलांना किती वेळा सांगितलीये. मुलं नेहमी मेंढीबद्दल विचारतात. मी कधी विचारच केला नव्हता की दाविदाचा निकाल चूक नव्हता, मेंढी चोरणारा दोषीच होता, फक्त दाविदाला आपण कुठे उभे आहोत हे दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मत्तय ७ परत वाचायला घेतला, या वेळी कोणाला शिकवायला नाही. आणि जे दिसलं ते इथे लिहितेय कारण मला वाटतं रिव्ह्यू लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे, ख्रिस्ती असो नसो.

पहिलं म्हणजे आपल्या मराठीत ही म्हण इतकी मुरलीये की ती शुभवर्तमानात आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मूळ ग्रीकमध्ये काडी आणि तुळई आहे, घराच्या छपराला लागते ती तुळई, आणि बोलणारा येशू सुताराच्या घरातला, लाकडाचा भुसा डोळ्यात जाणं काय असतं ते त्याला माहीत. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी तिथे कुसळ आणि मुसळ आणलं, आणि त्या दोन शब्दांनी वचन आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसलं. पण म्हण आपण अर्धीच वापरतो. आपण ती दुसऱ्याला गप्प करायला वापरतो, तुझं बघ आधी, असं. येशू तिथे थांबत नाही. तो म्हणतो आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे तुला नीट दिसेल आणि तू भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढू शकशील. म्हणजे कुसळ आहे. ते काढायचंच आहे. डोळ्यातलं कुसळ तसंच राहू देणं ही काही दया नाही. फक्त डोळा नाजूक असतो, ज्याला स्वतःला दिसत नाही त्याने त्यात बोट घालू नये. आणि त्याच अध्यायात पुढे तोच सांगतो की खोट्या संदेष्ट्यांपासून जपा, फळांवरून झाड ओळखा. पारख न करता हे कसं करणार? योहान ७:२४ मध्ये तर स्पष्टच आहे, तोंड पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. न्याय कराच, पण यथार्थ.

तोंड पाहून. हे मला फार लागलं. समजा हाच मसाला मी मॉलमधून ब्रँडचा घेतला असता, चकचकीत पाकिटात, आणि त्यात पिठासारखं काही लागलं असतं, तर मी काय केलं असतं? पाकीट उलटं करून घटक वाचले असते, फार तर कस्टमर केअरला फोन. एका झटक्यात भेसळ म्हटलं नसतं. गावठाणातल्या नऊवारीतल्या बाईने बिअरच्या जुन्या बाटलीत भरून दिलेल्या मसाल्याला मात्र म्हटलं. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हेच आहे, सभेत एक जण सोन्याची अंगठी आणि भारी कपडे घालून येतो आणि एक जण मळक्या कपड्यांत, तुम्ही पहिल्याला म्हणता इथे छान बसा आणि दुसऱ्याला म्हणता तिथे उभा राहा. मी नेहमी समजायचे की हे खुर्च्यांबद्दल आहे. ते आहे कोणाला शंकेचा फायदा द्यायचा आणि कोणाला नाही याबद्दल. तो भाग संपतो तिथे १३ वं वचन आहे, ज्याने दया केली नाही त्याचा न्याय दयेवाचून होईल, आणि दया न्यायावर विजय मिळवते.

दुसरं म्हणजे माप. ज्या मापाने मापाल त्याच मापाने तुम्हाला मापून मिळेल. आता मी गेल्या मेचा विचार करायला लागले. २०२५ चा मे मुंबईत कोणी विसरलेलं नसेल, महिनाभर अवकाळी, आणि २६ मेला तर मान्सूनच येऊन धडकला, एरवी तो ११ जूनच्या आसपास येतो, वरळीच्या नव्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरलेलं सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. त्या दिवशी मी ऑफिसला पोचलेच नाही. साहेबांना मेसेज टाकला, पाणी भरलंय, आणि त्यांनी ओके म्हटलं, विषय संपला. माझ्या गॅलरीत टॉवेल चार दिवस वाळत नव्हते. आणि ज्या बाईचा अख्खा धंदा मिरच्या कडक उन्हात वाळण्यावर आहे तिने ऊन नाही म्हणून सांगितलं तर मी ते कारण समजले. माझ्यासाठी पाऊस होता, तिच्यासाठी सबब. एकच पाऊस, दोन मापं.

लेवीय १९ वाचून बघा कधी, जुन्या करारातला कंटाळवाणा भाग म्हणून आपण पानं उलटतो तो. त्यात १५ व्या वचनात आहे की न्याय करताना अन्याय करू नका, गरिबाची भीड धरू नका आणि मोठ्याचं तोंड बघू नका. १८ व्या वचनात आहे शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. आणि ३५-३६ मध्ये एकदम बाजार येतो, न्यायात, लांबीरुंदीत, वजनात, मापात अन्याय नको, तराजू खरा हवा, वजनं खरी हवीत. म्हणजे माणसाबद्दल मत बनवणं आणि धान्य मापणं यांना तिथे एकच नियम आहे, एकाच दमात सांगितलेला. दुकानदाराने पन्नास ग्रॅम मारले तर मी भांडेन, आणि मी स्वतः माणूस मापताना किती मारते?

आपल्याकडे निवाडा शब्द आहे तो निवडण्यातूनच आलाय ना. तांदूळ निवडतो तसं. ग्रीकमध्ये न्याय करण्याला जो शब्द आहे त्याचा जुना अर्थ पण वेगळं काढणं, निवडणं असाच आहे. म्हणून मी माझा जुना रिव्ह्यू घेतला आणि ताटात घेऊन निवडावा तसा निवडला. उशिरा मिळाला, हे खरं. बूच सैल होतं, खरं. कुसळ होतं, खरं, फोटो आहे. गहू होता, हे पण खरं, पण त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. आणि फसवणूक? तो तर मी आंटींच्या मनात शिरून लिहिलेला शब्द होता. बाटली माझ्यासमोर होती, मन नव्हतं. पौल करिंथकरांना लिहितो की वेळेपूर्वी निवाडा करू नका, प्रभू येईल तोच अंधारातल्या गोष्टी उजेडात आणील आणि मनातले हेतू उघड करील. हेतूंचं खातं आपल्याकडे दिलेलंच नाहीये. बाटलीचं आहे.

एक गोष्ट मला या सगळ्यात नव्याने कळली आणि ती फार आवडली. वांद्र्याच्या त्या मैत्रिणीने मला कॅथलिक धर्मशिक्षणाचं पुस्तक आणून दिलं, त्यात २४७७ आणि २४७८ हे दोन परिच्छेद उतावीळ निवाड्याबद्दल आहेत. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष खरा धरून चालणं, अगदी मनातल्या मनात जरी, तरी तो अपराध आहे असं त्यात म्हटलंय. आणि संत इग्नेशियस लोयोला यांचं म्हणणं दिलंय की समोरच्याच्या बोलण्याला दोष लावण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ घ्यायला आपण जास्त तयार असावं, तो अर्थ घेता येत नसेल तर त्यालाच विचारावं तुला काय म्हणायचंय, आणि चुकत असेल तर प्रेमाने सुधारावं. आता आमच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट बाजूला मार्टिन ल्यूथर, त्याने १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेचा अर्थ सांगताना जवळजवळ हेच लिहिलंय, शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला, प्रत्येक गोष्टीचा शक्य तेवढा चांगला अर्थ लावा. ही दोन माणसं एकाच काळातली आणि विरुद्ध टोकांची, त्यांच्यामागे चर्च दुभंगलं. ती आज्ञा कॅथलिकांच्या आणि ल्यूथरच्याही मोजणीत आठवी, आमच्या चर्चच्या मोजणीत नववी. पण अर्थ विचारला तर दोघं एकच सांगतात. कॅथलिक-प्रॉटेस्टंट म्हणून आपण एकमेकांच्या घरात जे कुसळ शोधत बसतो त्यांनी हे एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावं.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी मी कलिन्याला गेले. फोन केला नाही, हिंमत नव्हती. आंटी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या, मला बघून लगेच म्हणाल्या, भायखळ्याची ना तू? म्हणजे ओळखत होत्या. भाच्याने तो रिव्ह्यू दाखवला होता त्यांना जूनमध्येच. मी माफी मागितली, बोलता बोलता रडायला आलं, त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, गहू नाय टाकला तर बॉटल मसाला कसला गो बाय? मसाला बांधून धरतो तो, कालवण दाट होतं. मी विचारलं तुम्ही खाली उत्तर का नाही लिहिलं. तर म्हणाल्या, काय लिहिणार, तू ठरवलंच होतं ना. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं होतं, त्यांना सांगितलं, ती परत आली. जी विचारायला आली नाहीत ती किती ते मला काय ठाऊक.

हे शेवटचं वाक्य मी विसरू शकत नाही. नीतिसूत्रांत आहे, ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा. आणि योहान ७ मध्येच निकदेम नावाचा एक पुढारी येशूबद्दल सगळ्या मोठ्या लोकांसमोर विचारतो की माणसाचं आधी ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का. एकटा निकदेम हे विचारतो आणि बाकीचे त्यालाच टोमणा मारतात.

मत्तय १८:१५ मध्ये तर पद्धतच दिलीये. तुझ्या भावाने अपराध केला तर आधी जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तेही ऐकलं नाही तर मग मंडळीला सांग. मी ही शिडी उलटीकडून चढले होते, आधी सगळ्या जगाला, मग मंडळीला, आणि भावाला, म्हणजे आंटींना, नऊ महिन्यांनी. मला आता वाटतं कुठल्याही छोट्या, घरगुती धंद्याचा वाईट रिव्ह्यू लिहायच्या आधी एक फोन करायला दोन मिनिटं लागतात. मोठ्या कंपन्यांचं वेगळं आहे, तिथे ऐकायला कोणी नसतं, तिथे लिहावंच लागतं. आणि जिथे जिवाला धोका आहे, शिळं अन्न, उघड्या वायरी, तिथे थांबूच नका, ताबडतोब सांगा, ती दयाच आहे पुढच्या माणसावर. पण बुचासाठी आणि गव्हासाठी फोन करता आला असता.

जुना रिव्ह्यू मी नुसता डिलीट केला नाही. डिलीट केला की वाचलेल्यांना कळणार कसं? शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूला म्हणाला होता की कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. अब्रूची चौपट कशी करतात मला माहीत नाही, पण निदान जिथे जिथे फोटो पाठवला होता तिथे तिथे, बिल्डिंगच्या ग्रुपवर, महिला मंडळात, लिहिलं की मी चुकले, यात गहू असतोच, भेसळ नव्हती. बिल्डिंगच्या ग्रुपवर एकाने अंगठा दाखवला, बाकी कोणी काही बोललं नाही. फोटो पाठवला होता तेव्हा चाळीस मेसेज आले होते. पुढच्या आठवड्यात चौदा जणींसमोर उभं राहून परत मत्तय ७ घेतला, ते लिहिणं-वाचणं सगळ्यात कठीण गेलं.

आता एप्रिलबद्दल सांगते, कारण आंटींनी बोलावलं होतं, मसाला करतो तेव्हा ये म्हणाल्या. अंगणात चटयांवर मिरच्या, हळद, धणे, सगळं वेगवेगळं वाळत होतं, वीस-पंचवीस जिन्नस तरी असतील, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते कोणी कोणाला सांगत नाही. एक एक जिन्नस वेगळा भाजतात, एकत्र नाही, कारण खसखस आणि गहू एका वेळी होत नाहीत. मीही गहू निवडायला बसले. अर्ध्या तासात मान दुखायला लागली आणि माझ्या ताटातून सुटलेली दोन कुसळं आंटींच्या जावेने काढून बाजूला ठेवली, काही बोलली नाही. मग लाकडी उखळ आणि तीन बायका, तीन मुसळं, एकामागून एक, ताल चुकला तर हातावर पडेल. त्यातलं एक मुसळ मी उचलून बघितलं. दोन्ही हात लागले.

आणि भरणं. हे मी खास बघायला थांबले. काळपट बाटलीला फनेल लावतात, थोडा मसाला घालतात, बाटली घडी घातलेल्या गोणपाटावर आपटतात, मग लांब काठीने दाबतात, परत हलवतात, परत घालतात, हवा राहता कामा नये, हवा राहिली तर पावसाळ्यात मसाला खराब होतो. बाटली भरली असं मला चार वेळा वाटलं आणि चारही वेळा अजून मावला. लूक ६:३८ मध्ये दाबून, हालवून, शीग भरून पदरात घालतील असं जे आहे, ते मी आयुष्यभर दानाच्या पेटीच्या वेळी ऐकलंय. पण त्याच्या आधीचं वचन बघा, ३७ वं, दोष काढू नका, दोषी ठरवू नका, क्षमा करा, आणि लगेच पुढे हे माप. तिथे आधी चाललंय ते माणसांना मापणं. पैशाचं आपण नंतर लावलं. मी तिथे उभी राहून आंटींचा हात बघत होते, माझ्याच बाटल्या भरत होत्या त्या, आणि वजन काट्यावर ठेवलं तर पाचशेच्या वर बरंच होतं. मी सांगितलं जास्त झालं. त्या म्हणाल्या, असू दे.

आता तो पाचवा स्टार. आंटींशी ओळख झाली, मी त्यांचं वाईट केलं, म्हणून पाच देऊन टाकावे असं खूप वाटलं. पण लेवीयात तेही मना केलंय ना, गरिबाची भीड धरू नको. दयेपोटी खोटं माप दिलं तरी ते खोटंच, आणि उद्या कोणी माझ्या पाच स्टारवर विश्वास ठेवून घेईल त्याच्याशी तो अन्याय. तर जे आहे ते असं. बुचं अजून सैल आहेत, एका बाटलीचं मला घरी येऊन मेणाने बंद करावं लागलं. आणि बाटलीवर लेबल नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. ही दुसरी गोष्ट लहान नाही, ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे त्यांनी हा मसाला खाऊ नये आणि त्यांना हे बाटली बघून कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं. दोन्ही मी आधी आंटींना सांगितलं, आम्ही दोघीच होतो, त्यांच्या ओट्यावर. लेबलचं त्यांना पटलं, भाचा छापून आणतोय. बुचांबद्दल म्हणाल्या बघू. हे इथे लिहू का विचारलं तर म्हणाल्या लिही, खरं आहे ते लिही.

घेणाऱ्यांसाठी: ऑर्डर मार्चमध्येच द्या, एप्रिलमध्ये उशीर होतो, आणि तारीख पक्की धरू नका, ऊन पडेल तसं. घरपोच नाही, गावठाणात जाऊन आणावा लागतो, सांताक्रूझ पूर्वेहून शेअर रिक्षा मिळते. मसाला ओल्या चमच्याने काढू नका. स्वतःची बाटली नेली तर वीस रुपये कमी घेतात, पण ती धुऊन दोन दिवस उन्हात वाळवून न्या, आत जरा ओल दिसली तरी आंटी भरत नाहीत, परत पाठवतात. माझी एक पाठवली.